भरावाचा पहिला पावसाळा

नव्या रेल्वेमार्गाचे नाव घेतले की रूळ, पूल आणि स्थानके डोळ्यांपुढे येतात. पण बांधकामाच्या वर्षांत त्या मार्गाला खरी गाठ घालावी लागते ती मातीशी, कारण उंच जमीन तासून आणि सखल जमीन भरून गाडीला चढता येईल असा मंद उतार तयार केल्याशिवाय रूळ टाकताच येत नाहीत. धुळ्याच्या बाबतीत हा विषय आज नुसता पुस्तकी राहिलेला नाही. चाळीसगावहून येणारा शाखामार्ग १९०० साली सुरू झाला आणि तेव्हापासून धुळे हे त्या मार्गाचे शेवटचे टोकच राहिले. या मार्गावरील बोरविहीरपासून सुरत–भुसावळ मार्गावरील नरडाण्यापर्यंत सुमारे ५० किलोमीटरच्या नव्या मार्गाची पायाभरणी १६ फेब्रुवारी २०१९ रोजी झाली, आणि २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटर लांबीच्या, १८,०३६ कोटी रुपयांच्या आणि ३० नवी स्थानके असलेल्या मनमाड–इंदूर मार्गाला मंजुरी दिली. एवढ्या मोठ्या आकड्यांच्या मागे प्रत्यक्ष जमिनीवर असतात ती शेकडो लहान कामे: एखादी मोरी, गाडीरस्त्यासाठी रुळांखालून काढलेला भुयारी मार्ग, स्थानकाच्या आवाराचा भराव, डंपरसाठी केलेली तात्पुरती वाट, माती उचलल्यावर मागे राहिलेला खड्डा. तापीवरच्या पुलाचा आराखडा अनेक तज्ज्ञांच्या नजरेखालून जातो. या किरकोळ वाटणाऱ्या कामांकडे तितक्या बारकाईने पाहिले जात नाही, आणि मातीची धूप नेमकी तेथेच सुरू होते.

धूप म्हणजे पाण्याने किंवा वाऱ्याने मातीचे कण सुटे होऊन वाहून जाणे. रेल्वेच्या भरावाबाबत तिचे प्रमाण किती असू शकते, हे साध्या हिशोबाने समजते. सहा मीटर उंचीचा, माथ्यावर सुमारे आठ मीटर रुंद आणि दोन्ही बाजूंना दोनास एक या उताराचा, म्हणजे दर मीटर उंचीला दोन मीटर बाहेर पसरणारा, भराव घेतला तर त्याचा पाया ३२ मीटर रुंद होतो, छेदाचे क्षेत्रफळ १२० चौरस मीटर भरते आणि एका किलोमीटरला १ लाख २० हजार घनमीटर माती लागते. दहा घनमीटरच्या डंपरच्या या बारा हजारांहून अधिक फेऱ्या झाल्या. अशा भरावाची प्रत्येक बाजू उतारावरून मोजल्यास सुमारे १३.४ मीटर लांब असते, त्यामुळे दोन्ही बाजू मिळून किलोमीटरमागे जवळजवळ २.७ हेक्टर उघडा, तिरका, गवताचे एक पातेही नसलेला पृष्ठभाग तयार होतो. या पृष्ठभागावरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर गेला तर हेक्टरी १७ ते १८ टन माती जाते, आणि भारतातील जमिनीच्या धुपीची १९८३ साली काढलेली वार्षिक सरासरी हेक्टरी सुमारे १६.४ टन होती. म्हणजे देशातील सरासरी शेतजमीन किंवा रान वर्षभरात जेवढे गमावते, तेवढे नखाच्या जाडीइतका थर गेल्याने भराव गमावून बसतो, आणि त्यासाठी एखादी सायंकाळ पुरते.

प्रत्यक्षात माती एकसारख्या थराने जात नाही. थेंब जमिनीवर आपटताच कण उडतात, ही धुपीची पहिली पायरी. मोठ्या थेंबाचा वेग सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास असतो आणि उतारावर उडालेले कण वरच्या बाजूपेक्षा खालच्या बाजूला अधिक पडतात. त्यानंतर पाण्याचा पातळ पापुद्रा पृष्ठभागावरून सरकू लागतो आणि वरचा थर सोलून नेतो, म्हणून कृषीशास्त्रात या प्रकाराला सालकाढी धूप म्हणतात. हे पाणी एखाद्या खोलगट रेषेत एकवटले की बोटाएवढ्या नाळी पडतात, ती ओघळपाडी धूप; आणि ओघळ नांगरानेही बुजवता येणार नाही इतका खोल झाला की तिला घळ म्हटले जाते. दहा सेंटीमीटर रुंद आणि तितकाच खोल एक ओघळ भरावाच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत उतरला तर त्यातून सुमारे २३० किलो माती गेलेली असते. दर मीटरला असा एक ओघळ दोन्ही बाजूंना पडला, तर किलोमीटरमागे सुमारे ४७० टन. पहिल्या पावसानंतर नव्या भरावाकडे दुरून पाहिले असता विंचरलेल्या केसांसारख्या ज्या उभ्या रेषा दिसतात, त्यांचा अर्थ हा असतो.

धुळे जिल्ह्याचा मोठा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, वर्षाला साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यामुळे ‘येथे पाऊसच नाही, तर धूप कसली’ असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे, कारण धूप वर्षाच्या बेरजेवर ठरत नाही. ती पावसाच्या जोरावर ठरते. तासाला सुमारे २५ मिलिमीटरपेक्षा कमी वेगाने पडणारा पाऊस बहुतेक मुरतो, त्याहून जोराचा पाऊस माती उचलतो, असा उष्ण प्रदेशांतील अभ्यासातून निघालेला ढोबळ नियम आहे. खानदेशातील पाऊस मोजक्या दिवसांत आणि बऱ्याचदा मोजक्या तासांत पडतो. मे महिन्यातला वळीव, मृगाच्या पहिल्या सरी आणि हस्तातला गडगडाटी पाऊस हे तिन्ही जोराचे असतात. त्यांपैकी वळीव आणि मृग अशा वेळी येतात की जमिनीवर कोणतेही आच्छादन उरलेले नसते आणि बांधकाम मात्र ऐन भरात असते. कोकणात संततधार असली तरी तेथे उघडी माती महिन्याभरात हिरवी होते. धुळ्यात दोन पावसांमधला खंड तीन आठवड्यांचा असू शकतो, आणि उगवलेले गवत त्या खंडातच जळून जाते. पावसाचे प्रमाण कमी असणे हा येथे दिलासा ठरत नाही, उलट तोच अडचणीचा भाग आहे.

विश्मायर आणि स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञांनी मांडलेल्या धुपीच्या सर्वपरिचित सूत्रात पाच गोष्टींचा गुणाकार केला जातो: पावसाचा जोर, मातीचा स्वभाव, उताराची लांबी व तीव्रता, आच्छादन आणि केलेले उपाय. बेरीज न करता गुणाकार केला जातो, हे त्या सूत्राचे मर्म आहे, कारण पाचांपैकी एक घटक जवळपास शून्यावर आणला तरी एकूण धूप त्या प्रमाणात उतरते. पाऊस अभियंत्याच्या हातात नाही आणि उतारही फारसा नाही. शेत शंभराला एक-दोन इतक्या उताराचे असते, तर भरावाची बाजू शंभराला पन्नास उतरते, आणि दोनास एकहून सपाट उतार ठेवायचा तर जास्त जमीन संपादन करावी लागते. हातात उरतात ती माती, आच्छादन आणि कामांचा क्रम.

मातीच्या बाबतीत खानदेश हा एकाच जिल्ह्यात अनेक परीक्षा घेणारा प्रदेश आहे. दख्खनच्या बेसाल्टवर तयार झालेली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळे ती भरावाच्या वरच्या थरांत वापरणे टाळले जाते. तिच्या जागी अर्धवट कुजलेल्या बेसाल्टचा मुरूम आणला जातो. मुरूम म्हटले की काम पक्के असे समजले जाते, परंतु मुरमातही फरक असतो: कठीण, खडेदार मुरूम पाण्याला दाद देत नाही, तर मऊ, हाताने चुरला जाणारा मुरूम दोन पावसाळ्यांत माती होऊन बसतो. दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये विटकरी तांबड्या रंगाचा एक मातकट थर पुष्कळदा सापडतो, त्याला भूशास्त्रात ‘बोल’ म्हणतात. कटिंगमध्ये, म्हणजे उंच जमीन तासून केलेल्या कापात, हा थर उघडा पडला की वरच्या खडकातून झिरपलेले पाणी त्याच्यावर अडून बाहेर येते आणि थर पोखरला जाऊन वरचा खडक अधांतरी राहतो. धुळे–नंदुरबार भागात तर बेसाल्टला उभी भेदून गेलेली खडकाची लांबच लांब भिंताडे आहेत, ज्यांना डाइक म्हणतात आणि ज्यांचा कल ढोबळमानाने पूर्व–पश्चिम आहे. उत्तर–दक्षिण जाणाऱ्या कोणत्याही वाटेला ही भिंताडे आडवी येतात. डाइकचा खडक कठीण, शेजारचा कुजका, आणि दोहोंच्या सांध्यालगत भूजल अडलेले, अशी स्थिती असल्याने तेथील कटिंगची एक बाजू घट्ट आणि लगतची बाजू पाझरणारी निघते.

तापीच्या जवळ जावे तसा खडक खोल जातो आणि नदीने आणून टाकलेल्या गाळाचे जाड थर लागतात. या गाळातून पाण्याने कोरलेली घळींची रांग तापीच्या काठाने ठिकठिकाणी दिसते, आणि सपाट दिसणारे शेत काठाकडे जाताना अचानक तुटून खाली उतरते. या पट्ट्यात काही ठिकाणी चोपण माती आढळते. तिच्यात सोडियमचे प्रमाण अधिक असल्यामुळे चिकणमातीचे सूक्ष्म कण परस्परांना धरून न राहता दूर लोटतात आणि साध्या पाण्यात आपोआप विखुरतात; म्हणून अशा मातीचा भराव पृष्ठभागावर न धुपता आतून पोखरला जातो, बारीक छिद्राचे बीळ होते आणि वरून काहीही दिसत नसताना एके दिवशी खड्डा पडतो.

ही माती ओळखण्याची परीक्षा इतकी सोपी आहे की ती न करण्याला कोणतेही कारण सांगता येत नाही. काचेच्या पेल्यात पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे, त्यात बोराएवढे ढेकूळ अलगद सोडावे आणि न ढवळता दहा मिनिटे थांबावे. ढेकूळ फुटून तळाशी चुऱ्याचा ढीग झाला आणि वरचे पाणी स्वच्छ राहिले, तर माती विखुरणारी नाही, नुसती सुटणारी आहे. परंतु ढेकळाभोवती दुधाळ ढग तयार होऊन तो तळाशी पसरू लागला, तर ती चोपणाच्या जातीची आहे. विहिरीचे पाणी या परीक्षेला चालत नाही, कारण त्यातील क्षारांमुळे ढग उठत नाही आणि वाईट माती चांगली ठरते. अशी माती वापरल्यावाचून गत्यंतर नसेल तर तिच्यात जिप्सम मिसळतात किंवा ती भरावाच्या पोटात ठेवून भोवती चांगल्या मातीचे जाड कवच देतात.

रेल्वेमार्ग पाण्याच्या वाटेला आडवा असतो, ही दुसरी मोठी बाब. बोरविहीर पांझरेच्या दक्षिणेस आणि नरडाणा तिच्या पलीकडे असल्यामुळे ही नदी ओलांडणे अटळ आहे, पण नदीवरचा पूल दिसतो म्हणून त्याची काळजी घेतली जाते. न दिसणारे पाणी वेगळे असते: शेताच्या अंगावरून पसरत उतरणारे, ज्याला ओढा म्हणावे असे पात्रच नाही. भराव उभा राहिला की हे पसरट पाणी त्याच्या पायथ्याशी अडते, बाजूच्या चरातून दोन-तीनशे मीटर धावते आणि एका मोरीतून एकदम बाहेर पडते. मोरीच्या वरच्या अंगाला गाळ साचतो आणि खालच्या अंगाच्या शेतात, जेथे पूर्वी कधी प्रवाह नव्हता, तेथे घळ पडू लागते. मोरीच्या तोंडाशी मोठ्या दगडांचे पिचिंग करणे, पाणी दगडांवर आपटून शांत होईल असा सपाट ओटा ठेवणे आणि दोन मोऱ्यांमधले अंतर वाढू न देणे हे उपाय स्वस्त असतात. एका मोरीची बचत करून शेतकऱ्याच्या बांधापलीकडे घळ देणे हा मात्र महागाचा व्यवहार आहे. लहान मोरीचे मोल कळावे यासाठी फार दूर जावे लागत नाही. ४ ऑगस्ट २०१५ च्या रात्री इटारसी–खंडवा मार्गावर, मध्य प्रदेशातील हरदा जिल्ह्यात, माचक नदीला अचानक आलेल्या पुराने एका लहान पुलाजवळ रुळांखालचा भराव नेला आणि कामायनी व जनता या दोन एक्सप्रेस गाड्या तेथे घसरल्या. तो मार्ग नवा नव्हता. परंतु पाणी भरावाला कोठे खाते, याचा तो जवळचा दाखला आहे.

पांझरेच्या खोऱ्यात याला आणखी एक पदर आहे. येथील फड पद्धत, म्हणजे नदीवर ओळीने बांधलेले बंधारे, त्यांतून निघालेले पाट आणि सामाईक नियमाने भिजणारी शेते, किमान तीन शतके चालत आली आहे. पाटाचा उतार इतका मंद असतो की वरून आलेला गाळ त्यात बसला की पाणी शेवटच्या फडापर्यंत पोहोचत नाही. रेल्वेला पाट ओलांडायचा असेल तर पुष्कळदा पाट भरावाखालून सायफनने न्यावा लागतो, आणि सायफन ही सर्वांत सखल जागा असल्याने गाळ प्रथम तेथेच साचतो. (मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सेवेत आले आणि दातर्ती येथे पांझरेच्या पाण्याखालून नेलेला नळाचा सायफन हे त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी एक होते, त्यामुळे या अडचणीला निदान १४० वर्षांची परंपरा आहे.) सायफनच्या आधी एक गाळखड्डा ठेवणे आणि बांधकामाच्या दोन पावसाळ्यांत तो महिन्याला उपसणे, एवढ्याने पाटकऱ्याशी होणारा तंटा टळतो.

तरीही सर्व उपायांमध्ये वजनदार ठरतो तो कामाचा क्रम. जुन्या काळी भराव टाकून त्याला एक-दोन पावसाळे ‘खाऊ’ देत, म्हणजे आपल्या वजनाने आणि पाण्याने बसू देत, आणि मगच खडी व रूळ टाकत. आता सुमारे ३० सेंटीमीटरचा थर योग्य ओलीवर रोलरने दाबत जाण्याची पद्धत असल्याने ती वाट पाहावी लागत नाही. परंतु रोलर भरावाच्या अगदी कडेला चालवता येत नाही, तो कलंडण्याची भीती असते, आणि त्यामुळे ज्या कडेवर पाऊस मारा करणार तीच कडा भुसभुशीत राहते. यासाठी दोन्ही बाजूंना सुमारे अर्धा मीटर जास्त माती टाकून, दाबून, नंतर ती तासून काढण्याची रेल्वेची मार्गदर्शक पद्धत आहे. ही तासलेली अर्ध्या मीटरची माती कागदावर वाया गेलेली दिसते, म्हणून घाईच्या कामात पहिली काटछाट तिच्यावर होते, आणि जून महिन्यात पहिले ओघळ त्याच कडेला पडतात. माथ्याला तीसास एक असा आडवा उतार देणे, दिवसअखेर उघडा थर सपाट न सोडता रोलरने गुळगुळीत करून ठेवणे, कडेला मातीची लहान वरंबी घालून पाणी ठरावीक जागी पन्हळीतून खाली उतरवणे, कटिंगच्या माथ्यावर खोदाई सुरू करण्यापूर्वीच पाणी वळवणारा चर काढणे, ही सर्व कामे अशी आहेत की ती आधी केली तर हजारांत होतात आणि नंतर केली तर लाखांत. त्यातही मोरी आधी आणि भराव नंतर, हा क्रम ज्या ठिकाणी उलटा होतो तेथे मेअखेर दोन भरावांच्या मध्ये एक अर्धवट खिंड उरते आणि मृगाचे सारे पाणी तीतून जाते. धुळ्यासारख्या ठिकाणी एप्रिलनंतर नवी लांबी उघडी करण्यापेक्षा उघडी असलेली लांबी झाकून घेणे शहाणपणाचे ठरते, जरी वर्षअखेरच्या प्रगतीच्या तक्त्यात ते आळसासारखे दिसले तरी.

झाकण्यासाठी शेवटी गवतच लागते. कोकण रेल्वेने आपल्या कटिंगच्या उतारांवर वाळ्याची लागवड केली आहे, कारण वाळ्याची मुळे आडवी न पसरता तीन मीटरपर्यंत खोल जातात; धुळ्याच्या कोरड्या भरावावर वाळा लावता येतो, पण पहिल्या वर्षी त्याला पाणी घालावे लागते. येथे त्याच्या जोडीला पवन्या, मारवेल, हराळी अशी स्थानिक गवते अधिक खात्रीची ठरतात. धुळे तालुक्यातील लामकानीच्या उजाड माळावर चराई थांबवल्यावर गवत कसे परत आले हे जिल्ह्याने पाहिलेले आहे. पेच एवढाच आहे की गवत पावसाशिवाय उगवत नाही आणि पहिला पाऊस गवताची वाट पाहत नाही. हा महिना-दीड महिना तागाच्या किंवा काथ्याच्या जाळीने भागवता येतो. ती उतारावर खुंट्यांनी घट्ट बसवतात, थेंबांचा मारा ती झेलते आणि वर्ष-दोन वर्षांत कुजून जाते तोवर मुळांनी जागा घेतलेली असते. मध्यम उताराला कापसाच्या पऱ्हाट्यांचे तुकडे पसरणे हा खानदेशाला सहज परवडणारा उपाय आहे, कारण त्या एरवी बांधावर जाळल्या जातात. मात्र उभ्या किंवा साठवलेल्या पऱ्हाट्यांत गुलाबी बोंडअळी तग धरते, तेव्हा त्या यंत्राने बारीक करूनच वापराव्यात. मुळे धरण्याच्या आधी ठेलारी मेंढपाळांचे कळप भरावावर चढले तर खुरांची वाट हीच ओघळाची वाट होते, म्हणून कळपाला ओलांडण्याची जागा आधीच ठरवून तेथे दगड बसवणे हे कुंपणापेक्षा उपयोगी पडते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगण्यासारखी आहे. २००६ च्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेत रेल्वेमार्गांना पूर्वपरवानगीची अट नाही, त्यामुळे धुपीचे नियंत्रण मुख्यतः कंत्राटाच्या शर्तींवर आणि देखरेखीवर अवलंबून राहते. रस्ते-रेल्वेसाठी साधी माती काढण्याला मार्च २०२० मध्ये दिलेली सवलत सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी रद्द केली, आणि माती कोठून उचलायची हा प्रश्न पुन्हा नियमांच्या कक्षेत आला. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गासाठी लागणारा मुरूम तलाव आणि नाले खोल करून घेतला गेला, आणि खड्डा पाण्यासाठी कामी आला; अशी सोय रेल्वेसाठीही करता येते, मात्र तलावाच्या तळाचा बारीक गाळ भरावाला निकामी असतो, तो शेतात जावा आणि त्याखालचा मुरूम तेवढा भरावात यावा. कंत्राटात मातीकाम घनमीटरवर मोजले जाते आणि गवत ही शेवटच्या बिलातली बाब असते. या मांडणीत गवत उशिरा लागणार, हे कोणी न ठरवताच ठरून जाते.

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, काय घडले ते मोजता येते. मे महिन्यात उतारावर ठरावीक अंतराने लोखंडी खुंट्या ठोकून त्यांची उघडी उंची लिहून ठेवली असेल, तर पुन्हा मोजल्यावर मिलिमीटरचा फरक थेट टनांत बदलता येतो. खुंट्या नसतील तर मोरीच्या तोंडाशी साचलेला गाळ पाहावा. तो तपकिरी-तांबूस आणि खडेदार असेल तर भरावाचा मुरूम उतरला आहे. काळा आणि वाळून पापुद्रे सुटलेला असेल तर तो वरच्या शेतांचा आहे. आणि बहुतेक ठिकाणी खड्डा घेऊन पाहिले असता दोन्ही रंग एकाआड एक थरांनी सापडतात, एका पावसाचा एक, दुसऱ्याचा दुसरा. शेतकरी आणि ठेकेदार यांच्यातील नुकसानभरपाईच्या वादात हा हातभर खोल खड्डा पंचनाम्याच्या आधी घेतला गेला, तर कोणाचा वाटा किती, हे दोघांनाही एकाच वेळी दिसते.